आता बोलत नाय

थळच्या क्रांतीबाई लेकीला घेऊन आल्या त्या घुश्शातच. मासळीचा बाजार बुडवून अलिबागच्या दवाखान्यात यायचं, तेही शाळेतल्या बाईंना पोरगी गप्प गप्प वाटते म्हणून! मी इथे मुलांची समुपदेशक. लोकांना मात्र मी वेड्यांची डॉक्टर वाटते. वाटू दे.

नववीतली भाविका शांत होती. आईला बाहेर बसवून मी झोप, जेवण, मैत्रिणी असं करत मुद्द्यावर आले. मरावंसं वाटतं का? नाही म्हणाली. स्वतःला काही करून घ्यावंसं? तेही नाही. वर गोड हसली. असली शहाणी उत्तरं मला मुळीच आवडत नाहीत, पण माझ्या नावडीवरून कुणाला अडकवून कसं ठेवणार? पुढच्या आठवड्यात या, असं सांगून मी त्यांना सोडणार होते.

आत आल्यावर क्रांतीबाईंनी मलाच सुनावलं. त्यांच्या घरात मरणाचे शब्द चटणीमिठासारखे चालतात. त्या लेकीला हाकच 'मेले' म्हणून मारतात. भाविका तर मोबाईल काढून घेतला तरी जीव देईन म्हणायची आणि कालवणात बटाटा कमी पडला तरी जीव देईन म्हणायची. असलं कोण मनावर घेतं?

"पन आता नाय बोलत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "गनपतीपासून एकदा पन नाय. शानी झाली पोर."

भाविकाने मान खाली घातली. क्रांतीबाईंना मी पुन्हा बाहेर बसायला सांगितलं.

"बोलायचं का थांबवलंस?"

"पयले मस्करी होती," ती म्हणाली. "मंग खराच वाटाय लागला. खरा कसा बोलनार?"

हे आईला सांगू का, असं मी विचारलं. तिने मानेनेच हो म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना मी वर बोलावलं आणि तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं ठरवून आईला आत घेतलं. जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितलं.

क्रांतीबाईंचा सगळा ताठा उतरला. "मेले, मना नाय सांगायचा..." म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

भाविकाने तो हात ओढून खाली घेतला. आता तिला रडू फुटलं होतं.

"तू बोल, आये," ती म्हणाली. "तुजा खोटा हाय, मना ठाव हाय."