समोरच्या बाजूचं कडवं

बुधवारी पहाटे ब्रदर पोन्सोंच्या छपरावरचा कर्णा खरखरला, तेव्हा मी चुलीपुढे होते. पवित्र आठवड्यातला बुधवार. प्रभूच्या यातनांची कथा त्या घरी गाऊन वाचायची, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये न थांबता. आमच्याकडे याला पाबासा म्हणतात. ब्रदर पोन्सोंच्या आजोबांनी कॉलऱ्याच्या साथीत देवाला बोललेला नवस आहे तो, आणि आजवर एकदाही मोडलेला नाही.

लांब टेबल मांडलेलं असतं. एका बाजूने एक कडवं म्हणायचं, समोरच्या बाजूने पुढचं उचलायचं. लहान होते तेव्हापासून समोरच्या बाजूला मी बसत आलेय. बोललेलं प्रवचन कानाशीच घुटमळतं, गायलेलं थेट काळजात उतरतं, हे मला त्या टेबलाने शिकवलं. आणि खोटं कशाला बोलू, ब्रदर पोन्सोंसारखा गळा या खोऱ्यात दुसरा नाही. त्यांचा संथ सूर लागला की पेत्राने प्रभूला नाकारलं ते काल आपल्याच अंगणात घडलं, असं वाटून माणसं डोळे पुसायची.

त्या पहाटे त्यांनी पहिलं कडवं म्हटलं. सुंदर म्हटलं. मग थांबले.

कर्णा नुसता घुमत राहिला. समोरच्या बाजूला कोणी नव्हतं.

कुंपणापलीकडून चोलेंगने डोकं वर काढलं. चोलेंग माझी गाण्यातली जोडीदारीण, माझ्या शेजारची खुर्ची तिची. "सालूद, घसा कसा आहे गं तुझा?"

"बसलाय," मी म्हटलं.

"माझापण. त्या खालच्या आळीतल्या बायकांचापण बसलाय म्हणे. काय साथ आलीय बाई!" आणि तोंडावर हातातलं फडकं दाबून ती आत पळाली.

कर्ण्यातून ब्रदर पोन्सो खाकरले. मग दुसरं कडवं त्यांनी स्वतःच म्हटलं.

माझी भीती एकच होती, की आमच्यातली कोणीतरी विरघळेल. अर्धा जन्म ज्या कडव्यांवर काढला ती कानावर पडत असताना तोंड मिटून बसणं सोपं नसतं. कोणीतरी जाईल, खुर्ची ओढेल, पुढचं कडवं उचलेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं. बाकी काही मागणं नव्हतं माझं.

हे का, ते सांगते.

गेल्या ऑक्टोबरात मनिलाहून सिनेमावाले आले. डिरेक म्हणजे त्यांची दिग्दर्शिका, बारीक केसांची, टोपीवाली, हळू बोलणारी बाई. सिनेमा होता मुलग्यांच्या शिबिराचा. जी पोरं बायकी वाटतात, पोरांवरच जीव टाकतात, त्यांना प्रार्थनेने 'सरळ' करणाऱ्या एका प्रवचनकाराची गोष्ट. आमच्या इथे असलं शिबिर होतं हे तिला कुठून कळलं, देव जाणे. नदीकाठी, नारळांच्या बागेत ब्रदर पोन्सो ते चालवायचे. 'नवा पुरुष' असं नाव होतं. आसपासच्या गावांतले बाप आपली पोरं आणून सोडायचे. माझ्या बापाने माझ्या धाकट्या भावाला सोडलं होतं. डेल्फिनला.

डेल्फिन तेव्हा सोळाचा. आमच्या बाजूचा वरचा सूर त्याचा असायचा, पाखरासारखा. शिबिरातून आला तो गप्प आला. आम्हाला सांगितलं, ताप येऊन आवाज गेला. तेव्हापासून आजतागायत तो गायलेला नाही. आणि तोंडावर पाणी मारत नाही. ओल्या फडक्याने चेहरा पुसतो. मेच्या मिरवणुकीतल्या पोरींचे झगे शिवतो, देवळातल्या मूर्तींचे अंगरखे शिवतो, आणि माझ्याजवळ राहतो. मीही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

प्रवचनकाराच्या कामासाठी डिरेकने ब्रदर पोन्सोंनाच उभं केलं. ते फुलून गेले. आपल्यावर सिनेमा निघतोय, आपल्या कार्याचा गौरव होतोय, असंच त्यांनी धरलं. डिरेक खोटं बोलली नाही. ते सांगत गेले, ती ऐकत गेली. बागेत निळं प्लास्टिकचं पिंप ठेवलं, पाण्याने भरलं. मागे गाणाऱ्या बाया म्हणून आम्हाला बसवलं. पिंपाशी मनिलाचा एक कोवळा नट.

नटाचं डोकं पाण्यात गेलं, वर आलं. डिरेक काही बोलायच्या आत ब्रदर पोन्सो म्हणाले, "छे छे! असं नसतं हो, डिरेक."

"मग कसं असतं?" तिने हळूच विचारलं. कॅमेरा तिने थांबवला नाही.

"इतक्या लवकर वर काढलं तर पोराला वाटतं खेळ चाललाय. मानेला असं धरायचं, हे बघा, अंगठा इथे. आणि एक कडवं म्हणायचं. संथ सुरात. घाईघाईने म्हटलं तर देवाचा अपमान होतो. कडवं संपलं की वर काढून विचारायचं, 'कोण तू?' 'पुरुष' म्हणाला तर ठीक. रडत म्हणाला तर अजून एक."

चोलेंगचं तोंड म्हणजे उघडी खिडकी. ती मागून म्हणाली, "आणि समोरच्या बाजूचं कडवं कोण म्हणायचं, ब्रदर?"

तिने थट्टा केली होती. ते मात्र शाबासकी द्यावी तसे वळले. "वा! नेमकं विचारलंस. बाकीची पोरं रांगेत उभी असायची ना. त्यांनी उचलायचं. म्हणून तर माझ्या शिबिरातली सगळी पोरं गळ्याला पक्की झाली."

आणि त्यांनी नटाची मान धरून, डोकं पाण्यात दाबून ते गाऊन दाखवलं. तोच संथ सूर. माझ्या डोळ्यांत पाणी आणणारा. नटाने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि कडवं अजून अर्ध्यावर होतं. डिरेकचा माणूस धावला, तेव्हा ते त्याच्यावरच चिडले. मध्येच तोडलं म्हणून.

फेब्रुवारीत बास्केटबॉलच्या मैदानावर पडदा लावून सिनेमा दाखवला. ब्रदर पोन्सो कडक इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत. डिरेकने ते जसंच्या तसं ठेवलं होतं, काही लपवलं नव्हतं, काही चढवलं नव्हतं. पिंपाचा प्रसंग आला तसे ते हसतमुखाने मागे वळले, लोकांचे चेहरे बघायला. चेहरे पाहिले, आणि हळूहळू पुढे वळले. ते हसू ओठांवरून जायला किती वेळ लागला, ते मी पाहिलंय. परमेश्वराने मला तेवढं पाहण्यासाठीच जगवलं असेल, तर मी त्याचे आभार मानते.

डेल्फिन आत आला नव्हता. मैदानाच्या भिंतीबाहेर उभा राहून त्याने नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनवर मान खाली घालून म्हणाला, "दित्से," आमच्याकडे मधल्या ताईला असं म्हणतात, "पाण्यात असताना एवढं वाईट नव्हतं."

मी हातातला तांदूळ तसाच धरून राहिले.

"वाईट होतं ते रांगेत. मी गात असायचो, आणि पाण्यात कुणीतरी दुसरा असायचा. वरचा सूर माझा. ब्रदर म्हणायचे, डेल्फिन, लांबव. मग एके दिवशी मी समोरचं कडवं उचललंच नाही."

"मग?"

"मग आतला वर आला. आणि मला घातलं."

मशीन पुन्हा सुरू झालं.

म्हणून हे. त्या दिवशी मी चोलेंगकडे गेले, मग खालच्या आळीत, मग वरच्या. भांडण करायला नाही, दगड मारायला नाही. एवढंच म्हटलं, यंदा समोरच्या बाजूला बसायचं नाही. काहींनी नाक मुरडलं. "जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार, सालूद?" "नवस देवाचा आहे, ब्रदरचा नव्हे." मी म्हटलं, देवाला ऐकायचं असेल तर तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन ऐकेल, मी त्याला रोज सकाळी म्हणून दाखवते.

तर बुधवार. ऊन चढत गेलं आणि ब्रदर पोन्सो एकटेच गात गेले. आपलं कडवं, मग समोरचं, मग आपलं. त्यांच्या घरी केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे सुमान उकडून ठेवलेले असणार, सालाबात म्हणजे आल्याचा काढा उकळत असणार, गाणाऱ्यांसाठी. खायला कोणी नव्हतं. जेवणाच्या वेळेच्या आसपास म्हातारी लोला बिनिंग, लोला म्हणजे आजी, काठी टेकत रस्त्याने निघालेली दिसली. ती कानाने अधू, पण श्रद्धेने पक्की.

चोलेंग फाटकाबाहेर उडी मारून आली. "लोला, कुठे?"

"पाबासाला! कोणी उत्तर देत नाहीये त्या बिचाऱ्याला. स्पीकर बिघडला का?"

"स्पीकर उत्तम आहे, लोला. आम्हीच बिघडलोय." आणि तिच्या कानाशी लागून चोलेंगने काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. लोला बिनिंग रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग काठी फिरवली आणि चोलेंगच्या ओट्यावर जाऊन बसली. "कॉफी कर," म्हणाली. "साखर जास्त."

दुपारी ब्रदर पोन्सोंचा आवाज फाटला. वरचा सूर आधी गेला, मग खालचा खरबरीत झाला. गेथशेमाने बागेच्या प्रसंगात, सगळे शिष्य झोपलेत आणि प्रभू एकटा जागा आहे, तिथे ते थांबले. थोड्याच वेळात आमच्या फाटकाशी उभे. डोक्यावर टोपी नाही, हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं.

"सालूद," ते म्हणाले, "घरात कोणी आजारी आहे का?"

"नाही."

"मग चल ना गं. एक बाजू मी किती ओढू? म्हातारा झालो."

"ऐकतेय मी. बाग संपत आली ना?"

त्यांनी ओठ ओले केले. "सिनेमाचं मनात धरलंयस तू. त्या काळी सगळे असंच करायचे. बाप स्वतः पोराचा हात धरून आणायचे माझ्याकडे, रडून पाया पडायचे. तुझाही बाप आला होता."

"माझा बाप गेला, ब्रदर. त्याची उलटतपासणी वर चालू असेल. तुमची इथे आहे."

"मी त्यांच्यावर प्रेम केलं. एकेका पोरासाठी मी उपास धरलेत!"

"हो. आणि पोरंही धरलीत, सुरात."

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला, नाटक नव्हतं. "आजोबांचा नवस आहे. मोडला तर घराला लागेल, सालूद. माझ्या नातवंडांना लागेल."

मी देवाला मानणारी बाई आहे. दारातला म्हातारा असा उभा राहिला की माझा हात आपोआप कडीकडे जातो. मी म्हटलं, "एका अटीवर येते. जा, माइकसमोर बसा, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगा, कुणाकुणाला धरलंत. नावं घेऊन. डेल्फिनचं आधी. मग मी समोर बसते, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत उठणार नाही."

त्यांची मान हलायला लागली होती. होकाराकडेच चालली होती, हे मी शपथेवर सांगेन.

मागून मशीन थांबलं.

डेल्फिन उंबऱ्यात आला. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, छातीवर मरियामातेच्या मूर्तीच्या निळ्या झग्याचा दोरा चिकटलेला. इतक्या वर्षांत त्या दोघांना इतकं जवळ मी पाहिलं नव्हतं.

"नको, दित्से," तो म्हणाला. "माझं नाव यांच्या तोंडात नको."

"डेल्फिन, बाळा," ब्रदर पोन्सो म्हणाले.

"तेही नको."

"मी माफी मागतो रे. माइकवर मागतो. सगळ्यांदेखत."

"तुमचा गळा चांगला आहे," डेल्फिन म्हणाला. आवाज एकदम साधा, शिलाईचं माप सांगावं तसा. "तुम्ही माफी गाऊन मागाल, आणि सगळ्यांना रडू येईल. मग त्या बायका समोर बसतील. नको. तुम्ही जा आणि म्हणत बसा. कोणी उचलणार नाही."

मी फट ठेवली होती दाराला. माझ्या भावाने ते लावून घेतलं, आणि त्याचा हक्क होता. मी कडीवरून हात काढला.

"ऐकलंत ना?" मी म्हटलं. "जा."

गेले. उन्हातून पाय ओढत गेले, बोट अजून त्याच पानात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया ओट्यांवर बसल्या होत्या. कोणी वाईट शब्द काढला नाही. सगळ्याजणी तांदूळ निवडत होत्या, बाळांना वारा घालत होत्या, आणि त्यांच्याकडे बघत होत्या.

कर्णा पुन्हा खरखरला. त्यांनी बाग पुरी केली. यहूदाचं चुंबन आलं. पेत्र कोंबडा आरवण्याआधी विस्तवापाशी बसला, दासीने त्याला विचारलं, आणि तिथे ब्रदर पोन्सोंचा आवाज निघेना. नुसती हवा यायची. पुढची ओळ माझ्या जिभेवर होती. सगळ्या गावाच्या जिभेवर होती, पोरासोरांना पाठ आहे ती. मी दात दातांवर दाबले. खोकला ऐकू आला. पान उलटल्याचं ऐकू आलं, परत उलटल्याचं. भांड्यातून पाणी ओतल्याचं, प्यायल्याचं. पुन्हा हवा.

मग खट्ट झालं आणि कर्णा बंद पडला.

कोंबड्या सोडल्या तर गावात काही वाजत नव्हतं. पाबासा अर्ध्यावर तुटलेला मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या हाताने आपोआप कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढला. कुंपणाआडून चोलेंगची कुजबुज आली, "झालं का गं?"

"नाही झालं," मी म्हटलं. "मोडलं."

पलीकडे लोला बिनिंग मोठ्याने म्हणाली, "आमेन," आणि कॉफीचा कप पुढे केला, अजून हवी म्हणून.

देवाने शत्रूला क्षमा करायला सांगितलंय. रविवारी पाद्रीबाबा ते गाऊन सांगतील, मी पुढच्या बाकावर असेन, आणि सगळं मनापासून गाईन. तो देव आहे, त्याला ते जमत असेल. त्याने माझ्याकडून करवून घ्यायचं ठरवलं तर बघू, त्याला सवड पुष्कळ आहे.

त्या दिवशी मात्र मी डेल्फिनचं ताट वाढलं, माझंही वाढलं. सुके मासे तळले होते, टोमॅटो चिरला होता. आठवडा उपासतापासाचा. आम्ही दोघांनी भात पुन्हा घेतला.