वर तरंगतं ते

लग्न म्हटलं की लगीनघाई आलीच. पण नवरी घामाघूम होऊन तेल काढायच्या भट्टीशी उभी आणि नवरा नवे कपडे घालून दाराशी ताटकळतोय, असली लगीनघाई कुणी पाहिली नसेल.

तारीख काढताना शेतातल्या लव्हेंडरला कुणी विचारलंच नव्हतं. यंदा ऊन लवकर तापलं आणि तुरे नेमके लग्नाच्या तोंडावर तयार झाले. अर्धी फुलं उमललेली, अर्धी मिटलेली, म्हणजे तेल ऐन भरात. आता थांबलं तर निम्मा वास वाऱ्यावर जाणार. त्यात नवरीच्या बाबांनी कबूल केलेलं, की यंदाचा पहिला घाणा धाकटीने, म्हणजे याच नवरीने, एकटीने काढून दाखवला तर भट्टी तिची. आणि विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाई दुपारपर्यंतच बसणार होत्या, मग लांब रजेवर. धाकटीला भट्टीही हवी होती, नवराही हवा होता, आणि दोन्ही आजच.

तरी तिचे पाय जमिनीवर नव्हते. तांब्याच्या भांड्यात तुरे दाबून भरताना ती गात होती, आणि सुरात गात नव्हती. खालून वाफ चढली, थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीतून उतरली आणि काचेच्या उंच भांड्यात थेंब थेंब पडू लागली. घमघमाट असा सुटला की बाहेर भांडत बसलेले दोन मामा जांभया देत पेंगू लागले.

"नमनालाच घडाभर तेल!" होणाऱ्या सासूबाई कुरकुरल्या.

"घडाभर कुठलं, विहीणबाई? बाटलीभर आलं तरी नाचेन मी," बाबा म्हणाले.

शेवटी धाकटीने नवऱ्याला आत ओढलं. तो प्लंबर. भट्टीची नळी गळत होती म्हणून आला आणि गळती थांबल्यावरही येत राहिला, अशी ती सोयरीक.

"मी कपडे बदलून येते," ती म्हणाली. "हे काचेचं भांडं भरत आलं की त्यातलं नको ते काढून टाक. जमेल ना?"

"अगं, माझा धंदाच आहे तो!"

ती नटून आली तेव्हा तो विजयी वीरासारखा उभा होता. हातात मग, शेजारी पाण्याची बादली.

"वरचा सगळा तवंग काढला," तो म्हणाला. "पिवळट, चिकट. एक थेंब ठेवला नाही. खाली बघ, पाणी कसं नितळ आहे!"

त्याच्या धंद्यात वर तरंगतं ती घाण. तिच्या धंद्यात वर तरंगतं ते तेल, आणि नको ते म्हणजे खालचं पाणी, तोटी उघडून सोडायचं.

"तेल गेलं, तूप गेलं..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"आणि हाती धुपाटणं आलं, ते म्हणजे तुमचा मुलगा," बाबा पुटपुटले.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "टाकलं कुठे?" धाकटी किंचाळली. त्याने बादलीकडे बोट दाखवलं. नळीवर ओतायचं स्वच्छ गार पाणी होतं ते. साबण नाही, काही नाही. आणि लव्हेंडरचं तेल काही पाण्यात विरघळत नाही! तिने तोटी उघडून भांड्यातलं पाणी सोडलं, बादली उचलली, थोडी नव्या कपड्यांवर, बाकीची भांड्यात रिकामी केली. सगळं गढूळ झालं. आता निवळेपर्यंत वाट बघायची.

सगळे काचेला नाक लावून बसले. मामासुद्धा जागे झाले.

नवरा मात्र मागे उभा होता, हातातला मग छातीशी धरून. "मला पाण्यातलं कळतं, गं," तो हळूच म्हणाला. "तेलातलं नाही कळत. तुला अजून विचार करायचा असेल तर कर. मी रागावणार नाही."

त्याच्या भुवईला तेलाचा थेंब लागला होता. धाकटीने तो बोटाने टिपला आणि बोट त्याच्याच नाकाला पुसलं. तो शिंकला. तिला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि मग दोघांना आवरेचना.

"आली!" बाबा ओरडले. "रेघ आली! पुरी दोन बोटं तेल आहे वर!"

"कसली रेघ?" धाकटी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"पळा," ते म्हणाले. "बाई रजेवर जायच्या आत पळा. भट्टी तुझी झाली. तेल मी बघतो."