मी पाच म्हणालो

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. टेक्ससमधल्या आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे. याहून जास्त माझे गावावर उपकार नाहीत. रूबेन साल्दिवार माझ्याकडे अकरा वर्षं राहत होता. लोकांसाठी तो भाडेकरू. त्याची म्हणून मागची खोली आम्ही मांडून ठेवली होती: पलंग, चादर, पलंगाखाली त्याचे जुने बूट. पाहुणे आले की मी ते बूट दिसतील इतके बाहेर ओढून ठेवायचो. एवढा मी हुशार.

त्र्याण्णव साली ज्यूरीत माझं नाव निघालं. ड्वाइट प्रूइट हा फुलांच्या दुकानात काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा तळ्याकाठच्या बागेत बसला होता. कोडी ब्रॅन्स्कम नावाच्या तरुणाने "तू तसलाच ना?" असं विचारून त्याला लोखंडी पान्याने बेदम मारलं होतं; पोरगा कसाबसा वाचला. ज्यूरी निवडताना वकिलाने आम्हा सगळ्यांना विचारलं, "तुमच्या घरात, मित्रांत कुणी तसं आहे?" मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

कोडी दोषी, हे अर्ध्या तासात ठरलं. पण आमच्याकडे शिक्षाही ज्यूरी ठरवू शकते, आणि तिथे घोडं अडलं. जखमांचे फोटो फिरले तेव्हा मी तोंड उघडलं. "वरचे चार दात मुळासकट, आणि जबडा दोन ठिकाणी." सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. माझं शौर्य तिथे संपलं.

"पण हा त्या बागेत करत काय होता?" ट्रक विकणारा एक जण म्हणाला. "कोडीचं आयुष्य कशाला नासवायचं? दोन वर्षं द्या, तीही घरी राहून."

"पंधरा," युडोरा बाई म्हणाल्या. चौथीत मला शिकवायला होत्या त्या. "एक दिवस कमी नाही."

दोन तास हेच चाललं. जेवणाची वेळ टळली. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी म्हणालो, "पाच?"

सगळे चटकन तयार झाले. बाईसुद्धा! मला वाटलं, काय मुत्सद्दी माणूस आहे मी.

घरी रूबेन कांदा चिरत होता. "पाच? कुठल्या गाढवाने काढला हा आकडा?"

"गाढव तुझ्यासमोर उभं आहे."

तो हसला नाही. सुरी ठेवली, हात धुतले आणि मागच्या खोलीत निघून गेला. अकरा वर्षांत त्या पलंगावर पहिल्यांदाच कुणीतरी झोपलं.

चौदा महिन्यांनी बाईंचा फोन आला. "कोडीला पॅरोलवर सोडायचं चाललंय. तुरुंगात जागा नाही म्हणे. विरोधाचं पत्र लिही."

मी लिहिलं, 'एक जबाबदार नागरिक या नात्याने...' रूबेनने वाचलं. "नागरिक? मग त्या नागरिकालाच घे शेजारी झोपायला."

चौथ्या खर्ड्यात खरं उतरलं: मी बारा वर्षं एका पुरुषाबरोबर संसार करतोय, कोर्टापासून ते लपवलं, आणि माझ्या भित्रेपणापायी त्या पोराला कमी न्याय मिळाला. रूबेनने स्पेलिंगच्या सहा चुका काढल्या. आणि रात्री मागच्या खोलीतली उशी घेऊन परत आला.

पॅरोलच्या कार्यालयात जाताना गाडीत मी बाईंना सगळं सांगून टाकलं. मोठा गौप्यस्फोट! त्यांनी आरशात बघून टोपी नीट केली.

"अरे ऑर्विल, गावाला माहीत आहे ते."

"ज्यूरीला पण?"

"म्हणून तर सगळे तुझ्याकडे बघत होते. ह्याचंच म्हणणं पाच, तर पंधरा म्हणणारी मी कोण?"

पुढचे वीस मैल मी गाडी कशी चालवली, देव जाणे.

आत अधिकाऱ्याने दहा मिनिटं ऐकून घेतलं. ड्वाइटही आला होता; त्याला विचारलं, "आता जेवता येतं ना नीट?" संपलं. बाहेर येऊन ड्वाइट माझ्याशी बोलला. "तुम्ही चौथ्या खुर्चीवर होतात. एकटेच माझ्याकडे बघत होतात. वाटलं, एक तरी आपला आहे."

"पाच मीच म्हणालो होतो."

"काही जण दोनच म्हणत होते असं ऐकलंय," तो म्हणाला. "म्हणजे दोनवरून वर नेलंत?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. "नाही," मी म्हणालो. "पंधरावरून खाली आणलं."

"बरं," तो म्हणाला, आणि बाईंचा हात हातात घेऊन निरोप घेतला. माझा घेतला नाही.

महिन्याभरात कोडी सुटला. वर्तणूक चांगली होती म्हणे. ड्वाइट बहिणीकडे ह्यूस्टनला गेला. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. तिसरं लिहायला बसलो तर रूबेन म्हणाला, "सोड त्याला. तुझ्या समाधानासाठी तो कशाला खपेल?"

पुढे एका रविवारी पेट्रोल पंपावर कोडी भेटला. टोपी काढून म्हणाला, "तुम्ही ज्यूरीत होतात ना, सर? उपकार झाले तुमचे."

सवयीने माझ्या तोंडून 'असू दे' निघालंच होतं. गाडीत रूबेन बसला होता. तो नुसता बघत होता.

"उपकार नाहीत," मी म्हणालो. "तू आतच राहावास म्हणून मी पत्र लिहिलं होतं. आणि हा रूबेन. आमचा संसार आहे."

आवाज नेमका 'संसार'वर फाटला. कोडी टोपी घालून चालता झाला. मी किल्ली रूबेनच्या हातात दिली, आणि घरापर्यंत गाडी त्यानेच चालवली. पेट्रोल भरायचं राहिलंच.