टाकीकडचा चढ

मित्रांनो, मी एक जुनी, सात जणांची गाडी आहे. स्वभावाने उतावळी. इंजिन चालू ठेवून मला नुसतं उभं केलं की माझा जीव वरखाली होतो, आरसे थरथरतात, गिअरच्या दांडीला कंप सुटतो. त्यामुळे ही हकिगतही मी धावतपळतच सांगणार.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी बाहेरून आटोपशीर आणि आतून ऐसपैस होते. इंजिन मात्र बेताचं. आमच्या मालकांनी अरुंद गल्लीत मला एका दमात वळवून दाखवलं, तेव्हा त्यांची आई म्हणाली, "एवढीशी दिसते, पण अख्खं घर मावेल की हिच्यात!" मी फुशारून गेले.

मोकळी असले की मी तुरुतुरु पळायचे. सातही जण बसले की मागून दबायचे, वळणावर कलायचे, ब्रेक जरा आधी दाबावा लागायचा. पण वेळेवर दुसरा गिअर टाकला, तर घराजवळचा पाण्याच्या टाकीकडचा चढ मी न थांबता चढायचे.

पुढे मालक फरशा विकण्याच्या कामाला लागले. गिऱ्हाइकांना दाखवायच्या नमुन्यांची जड खोकी त्यांनी माझी मागची सीट दुमडून रचली. "रोज कोण काढत-घालत बसणार?" असं म्हणून वर चादर टाकली. मग नमुने मोबाइलवर दाखवायची पद्धत आली. खोकी तशीच राहिली आणि सगळे ती विसरूनही गेले.

विसरले नाहीत ते फक्त माझे टायर. चढ आला की मालक एसी बंद करायचे. मालकांची आई पुढे वाकून बसायची, जणू तीच मला ढकलत होती! तरीही मी धापा टाकायचे. एकदा तर भर चढावर बंद पडले. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"हिच्यात आता काही राहिलं नाही. विकून टाकू," मालक वैतागून म्हणाले.

"बाबा, नको ना!" धाकटी लेक रडकुंडीला आली.

मला ते घर सोडायचं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

आठवड्याने एक शिंपीदादा मला बघायला यायचे होते. त्या सकाळी मालकीणबाईंनी मला रिकामं करून धुतलं आणि टायरमध्ये हवा भरून आणली. शिंपीदादा घरची पाच माणसं घेऊन आले. मालक त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ म्हणाले, "चढावर दमते हं, आधीच सांगतो."

इथेच माझी पंचाईत झाली. चढावर धापा टाकल्या असत्या, तर सौदा फिसकटला असता आणि मी घरीच राहिले असते. मी तसं ठरवलंही होतं. पण शिंपीदादांनी दुसरा गिअर टाकला, पाठ हलकी लागली आणि मला राहवलंच नाही. सात जणांना घेऊन मी सुसाट वर गेले.

"दमते कुठे? पळतेय की मस्त!" शिंपीदादा खूश झाले. "घेतली आम्ही."

"बरं," मालक म्हणाले.

घरी परतल्यावर त्यांचं लक्ष दारात काढून ठेवलेल्या खोक्यांच्या राशीकडे गेलं. एक खोकं त्यांनी दोन्ही हातांनी जेमतेम उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"अहो, त्यांना नाही म्हणा ना," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

"आता कसं म्हणू? हो म्हणून बसलोय. पोरं बघ त्यांची, उतरायला तयार नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला शिंपीदादांच्या घरी पोचवलं. वाटेत योग्य वेळी गिअर बदलले, वळणं सावकाश घेतली. इतक्या मायेने त्यांनी मला कधीच चालवलं नव्हतं. इंजिन बंद करून त्यांनी माझ्या स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"चुकलंच माझं," ते म्हणाले आणि किल्ली देऊन बसच्या थांब्याकडे चालू लागले.

शिंपीदादा मला नीट सांभाळतात. तरी मित्रांनो, माझं एवढं ऐका. गाडी असो, जनावर असो की घरातलं माणूस, 'आता याच्याने होत नाही' असं म्हणण्याआधी आपण त्याच्या पाठीवर काय लादून विसरलो आहोत ते बघा. आणि ती गाडी, ते जनावर, ते माणूस आपल्या दारात आहे तोवरच बघा.