नबीसाबचे तळवे

एप्रिलात सोलापूरच्या मशिदीच्या अंगणातली फरशी अशी तापते, की जुम्म्याची नमाज संपली की भलेभले चपलांपर्यंत उड्या मारत जातात. नबीसाब मात्र रमतगमत चालायचा, वाटेत याची-त्याची खुशाली विचारायचा. "चाचाचे तळवे लोखंडी हायेत," लोक म्हणायचे, आणि हा गडी दाढीतल्या दाढीत हसायचा.

बासष्टी गाठली तरी आठ पोरं रिक्षातनं शाळेत न्यायची-आणायची, हाच त्याचा धंदा. सव्वीस वर्षांत एकाही पोराला खरचटलं नाही, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. पण पायातली चप्पल दोनदा वाटेत गळून पडली आणि त्याला पत्ताही लागला नाही, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ब्रेक किती दाबला गेला ते पायाला कळायचंच नाही, रिक्षाचा वेग बघून अंदाज घ्यावा लागायचा. आता काय म्हणावं या माणसाला! रिक्षा गेली तर आपण कोण उरलो, याची त्याला धास्ती होती.

त्या शुक्रवारी लालबीला नवऱ्याच्या तळव्यावर फुटलेला फोड दिसला, चांगला लिंबाएवढा.

"अवो, हे कधी भाजलं?"

"कुटं काय?" म्हणत त्यानं पाय वर घेऊन बघितला आणि त्याचं तोंडच उतरलं. दुखतच नव्हतं. लालबी रडत बसणारी बाई नव्हे. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला डॉक्टर दाक्षायणींकडे नेलं.

फोड बांधून झाल्यावर डॉक्टरांनी नसा तपासायचा लोखंडी चिमटा टेबलावर ठोकून थरथरता केला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला लावला. "थरथर कळते का?"

"व्हय की."

"आता डोळे मिटा, चाचा. आता कळते?"

"झकास कळते."

चिमटा टेबलावर पडला होता. लालबीनं मान खाली घातली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "बारा वर्षांची शुगर आहे, त्यानं नसा कमजोर होतात. शुगरच्या गोळ्यांमुळे बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वही कमी झालं असेल, ते तपासू, लागलं तर इंजेक्शनं देऊ. थोडीफार जाण परत येईलही. पण लपवलंत तर मी काय करणार? काम काय करता?"

घरीच असतात, असं लालबीच्या ओठांवर आलं होतं. नबीसाबनं डोळे उघडले.

"शाळेची रिक्षा चालवतो," तो म्हणाला. "आठ पोरं असतात. ब्रेक कळत न्हाय मला."

डॉक्टरांनी रिक्षा बंद करायला सांगितली. रविवारी लालबी म्हणाली, "ताप आलाय म्हणा. लोक नावं ठेवतील." त्यानं ऐकलं नाही. एकेका घरी फोन लावला, पायाचं खरं सांगितलं, उद्यापास्नं माझा मेव्हणा गौस येईल म्हणाला. सगळे गोड बोलले, काळजी घ्या म्हणाले.

शेवटचा फोन ईरम्मानं उचलला. तिची नात संस्कृती रिक्षात पुढं, त्याच्या शेजारी बसायची. ईरम्मानं सगळं ऐकून घेतलं.

"कवापास्नं असं होतंय, चाचा?"

कालपास्नं म्हणणं सोपं होतं.

"सहा महिने झाले," नबीसाब म्हणाला.

पलीकडून ईरम्मानं संस्कृतीला जवळ बोलावल्याचा आवाज आला. नबीसाब फोन कानाला धरून तसाच उभा राहिला.