आक्काच्या म्हशीनं पिलेलं पाणी

बाहुबली मगदूम रसायनतज्ज्ञ होता. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात त्याची नोकरी. केंद्र लांबच्या औद्योगिक वसाहतीत, घर मात्र कोल्हापुरात. शुद्ध केलेलं पाणी ज्यात सोडायचे तो तिकडचा ओढा आटला, तेव्हा ते टँकरनं कोल्हापूरच्या सांडपाणी केंद्रात नेऊन सोडायचं असं वरच्या पातळीवर ठरलं. "तू तिथलाच. लोकांना समजावशील," म्हणून साहेबांनी पहिल्या टँकरबरोबर त्यालाच धाडलं.

कोल्हापूरच्या केंद्राच्या फाटकावर माणसं जमली होती. आडव्या म्हशी बांधून रस्ताच अडवला होता. पुढं आक्का. लहानपणापासून बाहुबलीच्या घरी हिचंच दूध.

"बाहू, तू हाईस व्हय ह्यात?"

"आक्का, पाणी चांगलं हाय. मी स्वतः तपासलंय."

"मग तुमच्या वसाहतीतच का वापरत न्हाईसा?"

केंद्रात हे कुणी विचारलंच नव्हतं.

"ऱ्हाऊ दे. मुकं जनावर खोटं बोलत न्हाय," म्हणत आक्कानं टँकरचा नळ सोडून बादली भरली आणि म्हशीपुढं ठेवली. म्हशीनं वास घेतला आणि ती घटाघटा प्यायला लागली.

आक्काच गोंधळली. "पिली की!" ड्रायव्हर कृष्णात ओरडला.

आणि बाहुबलीनं धावत जाऊन बादली हिसकावली.

"का रं वडलीस?" आक्कानं विचारलं.

"ते... पिण्याचं न्हवं."

"मग हितनं नदीत गेल्यावर काय हुतं त्येचं?"

एवढ्यात महापालिकेचे अधिकारी आले. शहर हे पाणी घेणार नाही, टँकर परत न्या, म्हणाले. लोकांनी एकच गलका केला.

वाटेत कृष्णात धुसफुसत होता. "सायेब, तुमीच घात केलासा." साहेबांचा फोन आला, तर ते म्हणाले, परत आणू नकोस, इथल्या शुद्ध पाण्याच्या टाक्या भरल्यात. कृष्णातनं कडेच्या नाल्याजवळ गाडी हळू केली. "हितं सोडू? कोण बगतंय?"

"न्हाय!"

"चांगलं हाय म्हणालासा की."

बाहुबलीनं गाडी पुढं घ्यायला सांगितली. शेवटी टँकर वसाहतीत नेऊन त्यानं पाणी पुन्हा कारखान्यांचं घाण पाणी येतं त्या पहिल्या टाकीत ओतायला लावलं. साहेबांनी नाही नाही ते ऐकवलं. आपण बरोबर केलं की चूक, त्याचं त्यालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या तो आक्काच्या गोठ्यावर गेला. म्हैस रवंथ करत होती.

"कायबी झालं न्हाय तिला," आक्का चरवी पुसत म्हणाली. "दूधबी रोजच्यागत दिली. म्हंजे पाणी चांगलंच हुतं म्हण की. उगंच अडवलं आमी?"

"ठाऊक न्हाय, आक्का."

"तू तपासलंस न्हवं?"

"तपासलंय." तो जायला वळला, पुन्हा थांबला. "आक्का, आजचं दूध तेवढं आमच्यात घालू नकोस."

आक्कानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा काठोकाठ भरलेल्या किटलीकडं. आता ते दूध कुणाला घालावं, हे तिलाही सुचेना.