आतल्या कप्प्यातली तेजश्री

१९९८ साली बारामतीत कॉम्प्युटर क्लास गल्लोगल्ली निघाले होते. प्रोग्रॅम लिहून देणारं दुकान मात्र एकच, विजयसिंहांचं. तिथे प्रोग्रॅम तेजश्री लिहायची आणि सत्कार विजयसिंह घ्यायचे.

इंदापूरच्या एका दूध संघाचं काम तिने पुरं केलं. मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात हिशोबाचा भाग, हिशोबाच्या पोटात पडद्याचा. तिन्ही दुकानातल्या मुख्य कॉम्प्युटरवर वेगवेगळे राहत, जुन्या-नव्या आवृत्त्यांसकट. प्रत्येकाने एवढंच लक्षात ठेवायचं, की आपल्या पोटातल्याची कुठली आवृत्ती बोलवायची. पडद्याच्या तळाशी बारीक ओळ होती : ‘रचना – तेजश्री बुद्धघोष साबळे’.

काम पसंत पडलं तर इंदापूरला संघाच्याच जागेत दुकानाची शाखा निघणार होती. ती कुणी सांभाळायची, हे संघाचे अध्यक्ष सावळारामआबा ठरवणार होते. तेजश्रीला ती हवी होती आणि विजयसिंहांनी शब्द मेहुण्याला दिला होता. सबब त्यांनी ती ओळ स्वहस्ते पुसून मेहुण्याचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी मुख्य कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम नव्याने काढला, तर तळाशी तेजश्री हजर. पुन्हा पुसली. पुन्हा हजर.

“हे काय भूत हाय का गं?”

“सर, तुमी आतल्याची नवी आवृत्ती केलीत, बाहेरच्यांना कुठं कळवलंत? ते जुन्यालाच बोलावत्यात. घरटी एक आवतण दिल्यावर सगळं घर जेवायला येतं व्हय? चूलबंद द्यावं लागतं, घरात चूलच पेटू नये असं.”

“मग दे की चूलबंद!”

“देते. आधी आतली नवी आवृत्ती, मग हिशोबाला निरोप, मग मोठ्याला. सांगा, नाव कुणाचं घालू?”

विजयसिंहांनी घसा खाकरला. “ऱ्हाऊ दे. मीच बघतो.”

त्यांनी आतलं बदललं, हिशोबालाही निरोप दिला आणि खूश होऊन चहा मागवला. मोठ्याला सांगायचं तेवढं राहिलं.

इंदापूरला प्रोग्रॅम चढवला. शेजारी मेहुणा नव्या सफारीत. पडदा उजळला. आबांनी चष्मा पुढे ओढला.

“ही तेजश्री कोण?”

“आमच्याकडं कामाला हाय.”

“म्हंजे हे तिनं केलंय. आन ती कुठंय?”

“बारामतीत.”

“मग तुमी दोघं हितं काय करताय?”

सफारी दोन पावलं मागे सरकली. आबांनी शाखेचं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

विजयसिंहांनी एसटीडी बूथवरून फोन लावला. “तेजश्री, शाखा तुलाच द्या म्हणत्यात आबा. मिळंल त्या गाडीनं ये.”



“एकटीच येऊ सर, का चूलबंद?”